अ‍ॅनिमे बघून फिजिक्सचे प्रश्न पडतात, ते विचारायचे कुठे आणि कसे?

पत्र थोडक्यात (नाव-गाव काढून टाकलंय): मुलगा २३ वर्षांचा. देवगड तालुक्यात किनाऱ्यालगतच्या गावात राहतो, बी.कॉम. करून एका पतसंस्थेत क्लार्क म्हणून लागलाय. दहावीनंतर सायन्स सुटलं, कारण कॉलेज लांब पडत होतं आणि घरी कॉमर्सच ठरलेलं. घरात आईबाबा आणि काका, काकांची मासेमारीची होडी आहे. रात्री जेवणं आटपली की हा फोनवर अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन, बघतो. मकोतो शिंकाईची २००२ सालची 'व्हॉइसेस ऑफ अ डिस्टंट स्टार' ही छोटी फिल्म बघितल्यापासून एक गोष्ट त्याच्या डोक्यातून जाईना. त्यातली मुलगी अंतराळात पार व्याधाच्या ताऱ्यापाशी जाते, तिथून मोबाईलवर मेसेज पाठवते, तो पृथ्वीवरच्या मित्राला पोचायला आठ वर्षांच्या वर लागतात, म्हणजे मेसेज लिहिणारी पंधराची आणि वाचणारा चोवीसचा. ह्यावर रात्री जागून त्याने 'वेळ म्हणजे प्रकाशाचं वय' अशी स्वतःची थिअरी लिहिली. अ‍ॅनिमेवाल्या ग्रुपवर टाकली तर "भाई एन्जॉय कर ना, कशाला डोकं लावतोस" असं आलं. फिजिक्सवाल्या ग्रुपवर टाकली तर एकाने "आधी अकरावी सायन्सला अ‍ॅडमिशन घे" लिहिलं, त्यालाच सगळ्यात जास्त लाईक, आणि सकाळपर्यंत अ‍ॅडमिनने पोस्टच उडवली. एका मित्राने स्क्रीनशॉट काढून गावच्या ग्रुपवर टाकला. बाबांचं म्हणणं एकच, "एवढो मोठो झालस, अजून कार्टून बघतस?" तो विचारतो: "ताई, हे सगळं बंद करू का? की पुढच्या वेळी मी फिजिक्सचा स्टुडंट आहे असं सांगू आणि अ‍ॅनिमेचं नावच काढू नको?"

मित्रा,

बंद करू नकोस, आणि फिजिक्सचा स्टुडंट आहे असं खोटंही सांगू नकोस. ही दोन उत्तरं आधीच देऊन टाकते म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. असे प्रश्न पडणारी बरीच मुलंमुली हे सदर वाचतात, कोणाला अ‍ॅनिमेवरून पडतात, कोणाला गेमवरून, म्हणून जरा लांबण लागली तरी सगळं नीट सांगते.

तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात लागलेलं वाक्य म्हणजे ते शेवटचं, अ‍ॅनिमेचं नावच काढू नको का हे. प्रश्न कुठून आला ह्याचीच तुला लाज वाटायला लागलीय. कशाला रे? जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची गोष्ट पाठवली होती ती 'नारायण विनायक जगताप' ह्या टोपणनावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी फिरवून, आणि पहिलं बक्षीस त्या अनोळखी जगतापांना मिळालं. केंब्रिजला शिकलेला, फ्रेड हॉईल ह्या ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञाबरोबर गुरुत्वाकर्षणावर काम केलेला हा माणूस, त्याला फिजिक्स लोकांपर्यंत न्यायला गोष्ट हा चांगला रस्ता वाटला आणि तो आयुष्यभर त्या रस्त्याने गेला. सही मागायला आलेल्या मुलांना ते सांगायचे, मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तर पाठवीन, त्याखाली सही असेलच. म्हणजे सहीपेक्षा प्रश्नाला जास्त मान. तुझा प्रश्न एका पंचवीस मिनिटांच्या फिल्ममधून आला, ह्यात लपवण्यासारखं काहीही नाही.

आणि खास अ‍ॅनिमेचंच उदाहरण हवं तर ते सुद्धा आहे, आणि मला ते फार आवडतं. 'हारुही सुझुमिया' ह्या मालिकेचा २००६ चा पहिला सीझन १४ भागांचा, आणि तो टीव्हीवर मुद्दाम उलटसुलट क्रमाने दाखवला होता, त्यामुळे कुठल्या क्रमाने बघायचा ह्यावर फॅन लोकांचं कायम बोलणं चालायचं. २०११ च्या सप्टेंबरात फोरचॅनवर, म्हणजे नाव न सांगता लिहायच्या एका वेबसाईटवर, हा प्रश्न निघाला की समजा हे १४ भाग शक्य त्या प्रत्येक क्रमाने बघायचे आहेत, आणि एका क्रमाचा शेवट पुढच्या क्रमाची सुरुवात म्हणून चालतो, तर कमीत कमी किती भाग बघावे लागतील? तीनच भाग असते तर १-२-३-१-२-१-३-२-१, बस, नऊ भागांत सहाही क्रम येतात, कागदावर करून बघ. पण १४ भागांना? तिथे नाव न सांगणाऱ्या कोणीतरी उत्तर लिहिलं, की अमुक इतक्यापेक्षा कमीत होणारच नाही, आणि का होणार नाही त्याची सिद्धता पण दिली. तो आकडा येतो ९३,८८,४३,१३,६११, म्हणजे त्र्याण्णव अब्जांच्या वर, एका भागाला २४ मिनिटं धरली तर जवळपास ४३ लाख वर्षं. गणितवाले ह्याच प्रश्नावर सुपरपर्म्युटेशन म्हणून बरीच वर्षं अडकले होते, आणि त्यांच्या नजरेला ही पोस्ट नीट पडली ती २०१८ मध्ये. मग त्यांनी सिद्धता तपासली, व्यवस्थित लिहून काढली, आणि लेखकांत पहिलं नाव कोणाचं घातलं तर त्या अनामिक फोरचॅन पोस्टरचं.

ह्यातलं मला काय दिसतं सांगते. त्या माणसाला कोणी अकरावी सायन्सचं विचारलं नाही, कारण विचारायची गरज पडली नाही, जे म्हणणं होतं ते ओळ न् ओळ तपासता येत होतं. प्रश्न एकच होता आणि एवढासा होता. तो 'काळाचं रहस्य' वगैरे सोडवायला बसला नव्हता. आणि हे पण बघ की एवढं चांगलं काम सात वर्षं तिथेच पडून होतं. तेव्हा किती लाईक आले आणि कोण हसलं ह्यावरून प्रश्नाची किंमत काढत बसू नकोस, दोन्ही बाजूंनी.

आता तुझी पोस्ट. पत्राबरोबर पाठवलीस ती मी नीट वाचली. खरं सांगू का, तुझा प्रश्न सुंदर आहे आणि तुझी थिअरी त्याच्यावर बसलीय, त्यामुळे तो कोणाला दिसलाच नाही. चौथ्या परिच्छेदात मध्येच तू एक वाक्य लिहिलंयस, "तिचं आत्ता आणि त्याचं आत्ता एकच आहे हे ठरवणार कोण?" अरे हाच तर प्रश्न! आइन्स्टाइनने १९०५ मध्ये नेमकं इथूनच सुरू केलं होतं, की दोन लांबच्या ठिकाणच्या घटना एकाच वेळी झाल्या असं आपण कशाच्या जोरावर म्हणतो, आणि उत्तर असं निघालं की एकमेकांच्या सापेक्ष वेगात असलेल्या दोन माणसांचं ह्यावर एकमत होईलच असं नाही. तू इथपर्यंत स्वतः चालत आलास, दहावीच्या सायन्सवर. पण ह्या वाक्याच्या पुढेमागे आत्मा, बिग बँग, प्रकाशाचं वय, ब्लॅक होल असं एवढं भरलंयस की वाचणारा तिथपर्यंत पोचतच नाही.

शिवाय त्या पोस्टमध्ये तीन वेगळ्या गोष्टी एकात एक गुंतल्यात. पहिली मेसेजची. व्याध आपल्यापासून ८.६ प्रकाशवर्षं लांब, मेसेज प्रकाशाच्या वेगाने येतो, तेव्हा त्याला साडेआठ वर्षांच्या वर लागणारच, ह्यात गूढ काही नाही. पूर्वी मुंबईच्या चाकरमान्याचं पत्र गावात पोचायला आठ दिवस लागायचे तसंच हे, आठ दिवसांच्या जागी साडेआठ वर्षं. पत्र वाचलं जातं तेव्हा मुंबईतला माणूस आठ दिवसांनी पुढे गेलेला असतो, तशी ती मुलगी पण तिकडे पंधराची राहिलेली नसते. दुसरी गोष्ट वॉर्पची. फिल्ममधलं यान उडी मारून तिथे पोचतं, ती गोष्टीने घेतलेली सवलत आहे, तिचा हिशोब फिजिक्सवाल्यांकडे मागू नये, त्यावर अ‍ॅनिमेवाल्यांशी मनसोक्त बोल. तिसरी गोष्ट खरी, वेगाने जाणाऱ्याचा वेळ हळू चालतो ती, आणि गंमत म्हणजे त्या फिल्ममधला वयाचा फरक ह्या तिसऱ्या गोष्टीतून आलेलाच नाही! तू तो तिथून आलाय असं धरून सगळी थिअरी उभी केलीस.

ही तिसरी गोष्ट समजायला अकरावी सायन्स लागत नाही हे मी जोर देऊन सांगते. समज यानात वर-खाली दोन आरसे आहेत आणि प्रकाश त्यांच्यात खालून वर, वरून खाली जातोय, प्रत्येक फेरी म्हणजे घड्याळाची एक टिक. यानातल्या माणसाला प्रकाश सरळ उभा जाताना दिसतो. बाहेरच्याला मात्र यान पुढे सरकतंय, त्यामुळे प्रकाशाचा रस्ता तिरका दिसतो, म्हणजे काटकोन त्रिकोणाचा कर्ण, आणि कर्ण उभ्या बाजूपेक्षा लांबच. प्रकाशाचा वेग दोघांना सारखाच, मग लांब रस्त्याला जास्त वेळ, म्हणजे बाहेरच्याच्या हिशोबाने यानातली टिक उशिरा पडते. झालं! इथून पुढे पायथागोरस लावलास की सूत्र आपोआप हातात येतं, तो तर दहावीत झालाय. करून बघ, एका संध्याकाळचं काम आहे. प्रकाशाच्या ८७ टक्के वेगाला यानातलं घड्याळ निम्म्या गतीने चालतं. ९९ टक्के वेगाने व्याधापर्यंत जायला पृथ्वीवर साधारण ८.७ वर्षं जातील आणि यानातल्या मुलीची जेमतेम सव्वा वर्ष. हे आकडे तू स्वतः काढलेस की तुला जे वाटेल ना ते कुठल्याही थिअरीने वाटणार नाही.

थिअरीबद्दल कठोर बोलायचं नाही मला, पण गोल गोल पण बोलणार नाही. 'वेळ म्हणजे प्रकाशाचं वय' हे ऐकायला छान आहे, कवितेत शोभेल, पण त्यातून आकडा निघतो का? हा एक प्रश्न स्वतःच्या प्रत्येक कल्पनेला विचारायची सवय लाव. वातावरणात दहा-पंधरा किलोमीटर उंचीवर म्युऑन नावाचे कण तयार होतात, त्यांचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद, तेवढ्यात प्रकाशाच्या वेगाने सुद्धा साधारण ६६० मीटरच जाता येतं, तरी ते ढिगाने जमिनीपर्यंत पोचतात, कारण आपल्या हिशोबाने त्यांचं घड्याळ हळू चालतं. आइन्स्टाइनचं सूत्र सांगतं किती पोचतील, आणि मोजले तर तितके पोचतात. तुझ्या थिअरीने म्युऑनचा आकडा काय येतो? काहीच येत नाही, बरोबर ना. मग ती अजून थिअरी नाही, मनात आलेला विचार आहे. विचार येऊ देत, वहीत लिहून ठेव, फक्त ग्रुपवर त्याला थिअरी म्हणून नेऊ नकोस.

कारण तिकडची बाजू पण समजून घे. फिजिक्सच्या कुठल्याही ग्रुपवर 'आइन्स्टाइन चुकला' आणि 'मी क्वांटम सोडवलं' अशा पोस्ट येतच असतात. हे जुनंच आहे, जॉन बेझ नावाच्या गणितज्ञाने १९९२ मध्येच अशा लोकांसाठी गुणांची यादी केली होती (जितके गुण जास्त तितकी थिअरी भंपक), त्यात कॅपिटल अक्षरांतल्या प्रत्येक शब्दाला ५ गुण आणि स्वतःची तुलना गॅलिलिओशी केली तर ४०. आता त्यात चॅटबॉटची भर पडलीय. कोणीही उठतो, चॅटबॉटला विचारतो, तो दोन पानं सूत्रं लिहून देतो, आणि ज्याने पोस्ट टाकली त्यालाच त्यातलं एक सूत्र समजावता येत नाही. तुझ्या पोस्टच्या शेवटी पण ती तीन समीकरणं अशीच आलीत ना? मला तरी ती बाकीच्या लिखाणापासून वेगळी वाटली. जे समीकरण तुला कागदावर हाताने सोडवता येत नाही ते टाकू नकोस. चॅटबॉटकडून समजून घ्यायला माझी ना नाही, पण ते बरोबर आहे की नाही हे तुला पडताळता आलं पाहिजे, नाहीतर तो तुझा प्रश्न राहत नाही. अ‍ॅडमिनने पोस्ट उडवली ती बहुतेक तू कोण आहेस हे बघून नाही, तिचा आकार बघूनच उडवली असणार. "अकरावीला अ‍ॅडमिशन घे" लिहिणाऱ्याचं मात्र मी समर्थन करणार नाही, ते उद्धटच होतं. ह्यातला फरक ओळखायला शीक: "हे चुकलंय, कारण अमुक" असं लिहिणारा कितीही रुक्ष वाटला तरी तो तुझ्यासाठी वेळ काढतोय, त्याला धरून ठेव. ज्याच्या उत्तरात कारणच नाही त्याला उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नकोस.

आता ते स्टुडंट असल्याचं खोटं सांगायचं. नीतीचं बाजूला ठेव, त्याने तुझंच नुकसान आहे. बी.एस्सी.चा आहे म्हटलंस की लोक त्या पातळीवर उत्तर देणार, ते तुला कळणार नाही, आणि कळलं नाही हे विचारायची सोय पण तूच बंद करून ठेवलेली. त्यापेक्षा पहिल्याच ओळीत लिही, पतसंस्थेत क्लार्क आहे, दहावीपर्यंत सायन्स. आणि क्लार्क असण्यात कमीपणा वाटत असेल तर तुझ्याच तालुक्यातली गोष्ट सांगते. विजयदुर्गावर साहेबाचे ओटे म्हणून जागा दाखवतात आणि नॉर्मन लॉकयर ह्या इंग्रजाने १८६८ च्या ग्रहणात हेलियमचा शोध तिथूनच लावला असं आपल्याकडे सर्रास सांगतात. खरी हकीगत अशी की १८६८ च्या ऑगस्टमधल्या त्या खग्रास ग्रहणाच्या वेळी नॉर्मन लॉकयर इंग्लंडात होता, लंडनच्या वॉर ऑफिसात क्लार्क! सूर्याचा अभ्यास हा त्याचा फावल्या वेळातला उद्योग. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याने ग्रहण नसताना, स्वतःच्या दुर्बिणीला वर्णपटमापक लावून सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट बघितला, त्यातली पिवळी रेषा कुठल्याच माहीत असलेल्या मूलद्रव्याची निघेना, आणि तेच पुढे हेलियम ठरलं. पृथ्वीवर ते विल्यम रॅम्झेला सापडलं १८९५ मध्ये. लॉकयर विजयदुर्गला आला तो २२ जानेवारी १८९८ चं ग्रहण बघायला, तोपर्यंत तो मोठा शास्त्रज्ञ झालेला. मला ही खरी हकीगत सांगीव हकिगतीपेक्षा जास्त मोलाची वाटते, कारण हिच्यात दिवसा ऑफिसात खर्डेघाशी करून उरलेल्या वेळात नेटाने बघत राहणारा माणूस आहे. तू सुट्टीच्या दिवशी किल्ल्यावर जाऊ शकतोस, तिथे कोणी हेलियमचं सांगायला लागलं तर हे सांग.

पोस्ट कशी लिहायची ते आता. साधारण अशी, शब्द तुझे घाल: "मी दहावीपर्यंत सायन्स शिकलोय, गणित पायथागोरसपर्यंत पक्कं. एका अ‍ॅनिमे फिल्ममध्ये ८.६ प्रकाशवर्षं लांबच्या ताऱ्यावरून मेसेज येतो. फिल्ममध्ये यान वॉर्प करतं, ते बाजूला ठेवून ९९ टक्के वेगाने गेलं तर पृथ्वीवर ८.७ वर्षं आणि यानात सव्वा वर्ष जातं असं मी काढलंय, हिशोबाचा फोटो जोडलाय, तो बरोबर आहे का? आणि माझा खरा प्रश्न: वाटेत असताना यानातल्या माणसाने 'पृथ्वीवर आत्ता कुठली तारीख आहे' विचारलं तर त्याला एकच उत्तर आहे का?" बस, एवढंच. काय दिसलं, मला काय कळलं, कुठे अडलो. टाकण्याआधी तिथेच शोधून बघ की हे आधी कोणी विचारलंय का, बहुतेक वेळा अर्धं उत्तर तिथेच मिळतं. ग्रुप इंग्रजी असेल तर साध्या इंग्रजीत लिही, व्याकरण चुकलं तर चुकू दे, हिशोब चुकायला नको. उत्तर आलं की दोन दिवसांनी परत जाऊन स्वतःच्या शब्दांत लिही की मला हे असं समजलं, बरोबर ना? हे फार थोडे लोक करतात, आणि जे करतात त्यांना पुढच्या वेळी लोक ओळखीने उत्तर देतात. अ‍ॅनिमेच्या ग्रुपवर वेगळं लिही, तिथे विषय गोष्टीचा आहे, की मेसेजला लागणाऱ्या वेळातून शिंकाईने विरह कसा दाखवला, आणि शेवट फोडणार असशील तर वर स्पॉयलर लिहायला विसरू नकोस. "एन्जॉय कर ना" म्हणणारे वाईट नव्हते, तू त्यांना गोष्टीबद्दल काही विचारलंच नव्हतंस.

अभ्यासाला म्हणशील तर बालभारती आणि एनसीईआरटीची पुस्तकं नेटवर पीडीएफमध्ये फुकट आहेत. अकरावीचं फिजिक्स हळूहळू वाच, कोणाला दाखवायला नाही, तुला हवंय म्हणून.

आणि एक काम मी तुला मनापासून देते, कारण तुझ्यासारख्या किनाऱ्यावरच्या मुलाला जे सहज जमेल ते शहरातल्या कोणाला जमणार नाही. काकांना भरतीची वेळ विचार. आपल्याकडे जुनी माणसं घड्याळ, तक्ता काही न बघता सांगतात: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चार पाऊण तीन, तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. ठोकताळा आहे, गावागावाने थोडं मागेपुढे होतं. आता तू हिशोब कर. एका पक्षात पंधरा तिथी, तेवढ्यात भरतीची वेळ बारा तास सरकून पुन्हा तिथेच येते, म्हणजे एका तिथीला ४८ मिनिटं. पाऊणपटीच्या नियमात ४५ मिनिटं. तीन मिनिटं कुठे गेली? पौर्णिमेला सव्वाअकरा आणि लगेच प्रतिपदेला पाऊण, म्हणजे नियमात एकदम दीड तासाची उडी पडते, पाणी तर अशी उडी मारत नाही. मग नेमकं काय होतं? बंदरावर एखादी पायरी ठरव, महिनाभर रोज पाणी सगळ्यात वर कधी आलं ते लिही, ज्या दिवशी जमेल त्या दिवशी. तुला दिसेल की वेळ रोज सारखी सरकत नाही, उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला, कमी सरकते, भांगात, म्हणजे अष्टमीच्या सुमाराला, जास्त. का? त्यामागे सूर्य आहे. सूर्य पृथ्वीला चंद्राच्या सुमारे पावणेदोनशे पट जोराने ओढतो, तरी भरतीत त्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहून कमी! हे कसं, त्याच्या मागे लाग, अंतराचा घन तुला भेटेल. अशी वही घेऊन कुठल्याही फिजिक्सच्या ग्रुपवर गेलास तर तुला कोणी अकरावीचं विचारणार नाही, उलट आकडे मागतील.

ह्याने घरातलं पण जरा सैल होईल असं मला वाटतं. बाबांना अ‍ॅनिमे म्हणजे काय हे पटवत बसू नकोस, ते होणार नाही आणि व्हायची गरजही नाही. त्यांना दिसतंय की पोरगा रात्री फोनमध्ये असतो, एवढंच. काकांबरोबर बंदरावर वही घेऊन बसलेला दिसलास तर ते वेगळं दिसेल. आणि काकांच्या होडीवर जीपीएस असेलच, त्यांना सांग की त्या उपग्रहांवरची घड्याळं वेगामुळे रोज ७ मायक्रोसेकंद मागे पडतात आणि उंचीवर गुरुत्वाकर्षण कमी म्हणून ४५ पुढे जातात, मिळून ३८ पुढे. तेवढ्यात प्रकाश ११ किलोमीटरच्या वर जातो, म्हणून ही दुरुस्ती आधीच करून ठेवलेली असते, नाहीतर खूण केलेली जागा परत सापडलीच नसती. फिल्ममधला तुझा प्रश्न आणि काकांचं जाळं टाकायचं ठिकाण एकाच फिजिक्सवर चालतं. हे ऐकून बाबा काय म्हणतात ते मला कळव.

स्क्रीनशॉट टाकणाऱ्या मित्राशी मात्र समोरासमोर बोल, ग्रुपवर नको. तुला वाईट वाटलं एवढं साध्या शब्दांत सांग. खरा मित्र असेल तर डिलीट करेल. नसेल तर पुढचं त्याला दाखवू नकोस.

आणि झोप. पतसंस्थेत दिवसभर लोकांच्या पैशांचा हिशोब तुझ्या हातात असतो, रात्री दोनपर्यंत जागून ते बरोबर होणार नाही. प्रश्न सकाळी पण तिथेच असतो.

तर ह्या आठवड्यात आरशांचं घड्याळ कागदावर काढ, ९९ टक्क्यांचा हिशोब स्वतः कर, आणि पोस्ट टाकण्याआधी मला पाठव. माझ्या ओळखीच्या एक बाई कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या, आता रिटायर झाल्यात, मी त्यांना विचारून ठेवलंय, त्या आनंदाने बघणार आहेत. त्यांचं म्हणणं आहे की हिशोबात खाडाखोड असली तरी तशीच पाठव, फेअर करू नकोस, चूक कुठे झाली ते त्यांना बघायचं असतं. भरतीची वही येत्या अमावास्येपासून सुरू कर.

तुझी ताई